संत गोन्सालो गार्सिया : आडनाव पित्याचे, माती आईची

फेब्रुवारी महिना आला की वसईकरांना आपल्या संताची आठवण होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी शहराजवळच्या टेकडीवर संत गोन्सालो गार्सिया यांनी प्रभू येशूसाठी क्रुसावर प्राण दिले. ख्रिस्तसभा ६ फेब्रुवारीला त्यांचा व त्यांच्या सोबत्यांचा सण पाळते. भारतात जन्मलेले ते पहिले संत. गास येथील चर्चला त्यांचे नाव आहे, वसईतल्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे आणि वसईच्या किल्ल्यात त्यांचा सण साजरा होतो. तरीसुद्धा त्यांच्याविषयी एक प्रश्न अधूनमधून आपल्या कानावर येतो. गार्सिया हे तर पोर्तुगीज आडनाव. मग हे संत आपले की पोर्तुगीजांचे?

हा प्रश्न केवळ त्यांच्यापुरता नाही. लोपीस, परेरा, डिमेलो, रॉड्रिग्ज, घोन्सालवीस, आल्मेडा अशी आडनावे आपण लावतो. आपण शिक्षणासाठी वा नोकरीसाठी बाहेरगावी गेलो की तुम्ही मूळचे कुठले, असे लोक विचारतात. अलीकडे आपली तरुण मुले पूर्वजांचा शोध घेऊ लागली आहेत. आपल्या अंगात पोर्तुगीज रक्त आहे का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. म्हणून या वर्षी संत गोन्सालोंचे चरित्र त्यांच्या नावाच्या आणि घराण्याच्या अंगाने सांगावे, असे आम्हांला वाटले.

वसईचा मुलगा

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी, म्हणजे १५५६-५७ च्या सुमारास, गोन्सालोंचा जन्म वसईत झाला. त्यांचे वडील पोर्तुगीज होते आणि आई इथल्याच मातीतली होती. अशी लग्ने त्या काळी नवलाची नव्हती. १५१० मध्ये गोवा जिंकल्यावर आफोन्सो द आल्बुकर्क याने आपल्या शिपायांना स्थानिक स्त्रियांशी लग्न करून इथेच घर थाटण्यास उत्तेजन दिले होते. असे लग्न करून राहिलेल्यांना कासादो म्हणत आणि त्यांच्या मुलांना मेस्तिसो म्हणत. या मुलांना धड पोर्तुगीजांचा मान मिळत नसे आणि इथले लोकही त्यांना परकेच समजत.

गार्सिया हे वडिलांकडचे आडनाव मुलाबरोबर मकाव, मनिला, जपान आणि पुढे रोमपर्यंत गेले. पण ज्या आईने त्यांना जन्म दिला, तिचे नाव त्यांच्या चरित्रांत येत नाही. स्नानसंस्काराच्या व विवाहाच्या नोंदी प्रत्येक धर्मग्रामात ठेवाव्यात, असा नियम ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये केला. तोवर छोटा गोन्सालो सहा-सात वर्षांचा झाला होता.

गोन्सालोंचे शिक्षण किल्ल्यातील येशूसंघीयांच्या शाळेत झाले. तिथे त्यांना फादर सेबॅस्टियन गोन्साल्विस हे गुरू लाभले. संत फ्रान्सिस झेवियर यांची पावले वसईला लागून गेली होती. जपानमध्ये त्यांनी १५४९ साली शुभवर्तमान नेले होते, त्या मिशनच्या गोष्टी त्या शाळेत नक्कीच सांगितल्या जात असतील. १५७२ साली, वयाच्या सुमारे पंधराव्या वर्षी, गोन्सालो आपल्या गुरूंबरोबर गलबतावर चढले आणि त्याच वर्षी जपानला पोहोचले.

दार उघडले नाही

जपानी भाषा त्यांनी लवकर आत्मसात केली. जवळजवळ आठ वर्षे ते येशूसंघीयांच्या हाताखाली धर्मशिक्षक म्हणून राबले. मुलांना त्यांनी धर्मशिक्षण दिले, आजाऱ्यांची विचारपूस केली आणि पाद्रींचे बोलणे लोकांना समजावून सांगितले. येशूसंघात प्रवेश मिळावा, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. तसे त्यांनी विचारलेही, पण प्रवेश मिळाला नाही. त्या काळात भारतात जन्मलेल्यांना आणि मिश्र कुळातल्या तरुणांना संघात घेण्यास पूर्वेकडील वरिष्ठांचा मोठा विरोध होता. ज्या कुळात आपण जन्मलो, त्याचा भार काय असतो, हे गोन्सालोंना अशा रीतीने कळले असावे.

दुसरा कोणी असता तर रागावला असता किंवा धर्मकार्याला कायमचा रामराम ठोकता. गोन्सालोंनी व्यापार सुरू केला. भाषा येत होती, स्वभाव लाघवी होता आणि पूर्वेकडील बंदरांत ओळखी होत्या. धंद्यात त्यांचा जम बसला, हाती पैसा आला. पण जीव रमेना. व्यापाराच्या निमित्ताने ते फिलिपाइन्समधील मनिला येथे पोहोचले आणि तिथे त्यांची गाठ फ्रान्सिस्कन संघाच्या ब्रदर जॉन पोब्रे यांच्याशी पडली. असिसीच्या फ्रान्सिसची गरिबी त्यांना भावली. पैसाअडका सोडून त्यांनी संन्यस्त ब्रदर म्हणून फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला.

इथे नावाची एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. संघात आल्यावर अनेक जण घराण्याचे आडनाव टाकून नवे नाव घेत. त्यांच्याच सोबत्यांत फ्रान्सिस ऑफ सेंट मायकल होते, मार्टिन ऑफ द असेन्शन होते, फेलिप ऑफ जीझस होते. ब्रदर गोन्सालो मात्र गोन्सालो गार्सियाच राहिले. ज्या नावाने वसईत त्यांचा स्नानसंस्कार झाला, त्याच नावाने ते क्रुसापर्यंत गेले.

दुभाष्या

जपानवर त्या वेळी तोयोतोमी हिदेयोशी या बलाढ्य सेनानीची सत्ता होती. १५८७ मध्ये त्याने मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, पण त्याची अंमलबजावणी ढिली होती. पुढे फिलिपाइन्सनेही आपल्याला शरण यावे, असे त्याने कळवले. ही तेढ मिटवण्यासाठी मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने १५९३ साली फ्रान्सिस्कन फादर पीटर बाप्टिस्ट यांना वकील म्हणून जपानला पाठवले. फादरांना जपानी येत नव्हते. त्यांचा आवाज झाले ते आपले ब्रदर गोन्सालो. हिदेयोशीसमोर उभे राहून, मान राखून आणि न घाबरता त्यांनी दोन्ही बाजूंचे बोलणे पोहोचवले. ज्या मिश्र जन्मामुळे लोक त्यांना ना इकडचा ना तिकडचा समजत, तो माणूस आता दोन देशांमधला दुवा झाला होता.

हिदेयोशीने त्यांना राहू दिले. मियाको, म्हणजे आजचे क्योटो, या शहरात फ्रान्सिस्कनांना जागा मिळाली. १५९४ मध्ये तिथे चर्च उभे राहिले आणि त्याला लागूनच कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळ झाले. ज्यांना घरच्यांनी टाकले होते, त्यांच्या जखमा हे ब्रदर धूत. लोकांना हे नवल वाटे. अनेकांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला.

क्रुसाची वाट

ऑक्टोबर १५९६ मध्ये सॅन फेलिपे नावाचे स्पॅनिश गलबत मनिलाहून मेक्सिकोकडे जाताना वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्याला लागले. त्यावरील मौल्यवान माल हिदेयोशीने जप्त केला. आधी मिशनरी पाठवायचे आणि मग सैन्य आणून देश घ्यायचा, ही स्पेनच्या राजाची रीत आहे, असे गलबतावरील सुकाणूकाराने बढाईने सांगितल्याचे म्हणतात. संशयाला निमित्त मिळाले. डिसेंबरात क्योटो व ओसाका येथील फ्रान्सिस्कनांच्या घरांना पहारे बसले आणि देहदंडाची शिक्षा ठरली.

३ जानेवारी १५९७ रोजी क्योटोत बंदिवानांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला आणि त्यांची शहरातून धिंड काढण्यात आली. मग भर थंडीत नागासाकीपर्यंत सुमारे आठशे किलोमीटरची वाट त्यांना तुडवावी लागली. निघताना ते चोवीस होते. वाटेत त्यांची सेवा करणाऱ्या दोघांनाही पकडले आणि ते सव्वीस झाले.

हे सव्वीस जण कोण होते? सहा फ्रान्सिस्कन होते. त्यांपैकी चौघे स्पेनचे, फेलिप मेक्सिकोत जन्मलेले आणि गोन्सालो वसईचे. उरलेले वीस जण जपानमधलेच होते. त्यांत पॉल मिकी यांच्यासह तिघे येशूसंघीय होते आणि सतरा प्रापंचिक. त्या सतरांत तीन मुले होती : बारा वर्षांचा लुई इबाराकी, तेरा वर्षांचा अँथनी आणि चौदा वर्षांचा थॉमस कोझाकी. थॉमसचे वडील मायकल हेही त्याच रांगेत चालत होते. वाटेत मिहारा येथील मुक्कामी थॉमसने आईला पत्र लिहिले. आम्हां दोघांसाठी दुःख करू नकोस आणि धाकट्या भावांना सांभाळ, असा त्याचा आशय होता. ते पत्र आईपर्यंत पोहोचले नाही. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांच्या कपड्यांत ते रक्ताने माखलेले सापडले. अँथनीचे वडील चिनी होते आणि आई जपानी. नागासाकीला त्याचे आईवडील रडत त्याच्यासमोर आले, पण तो मागे फिरला नाही. आपल्या गोन्सालोंसारखाच तोही दोन कुळांचा मुलगा होता.

नागासाकीजवळच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस मांडून ठेवले होते. हातापायांना व गळ्याला लोखंडी कड्या अडकवून आणि दोरांनी बांधून सर्वांना क्रुसांवर चढवले. गोन्सालो न डगमगता आपल्या क्रुसाकडे गेले. क्रुसावरून स्तोत्रांचे सूर उमटत होते. मग भालेकऱ्यांनी एकेकाच्या कुशीत भाले खुपसले. गोन्सालो त्या वेळी चाळिशीचे होते.

संतपद

पोप आठवे अर्बन यांनी १६२७ साली त्यांना धन्य घोषित केले. पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी सव्वीसही रक्तसाक्षींना संतपद दिले. त्या घटनेला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९६२ साली, निशिझाका टेकडीवर स्मारक उभारण्यात आले. तिथे सव्वीस जणांचे ब्राँझचे पुतळे एका रांगेत उभे आहेत आणि त्यांत आपला वसईकरही आहे. त्यांच्याच सोबतचे संत फेलिप यांचे आईवडील स्पेनचे होते, तरी मेक्सिकोच्या लोकांनी त्यांना आपला पहिला संत म्हणून उराशी धरले आहे. मग ज्यांची आईच इथली, त्या गोन्सालोंना आपले म्हणताना आपण का अडखळावे?

आडनावाने काय कळते?

आता आपल्या आडनावांकडे वळू. पोर्तुगीज आडनावांतली कित्येक मुळात बापाच्या नावावरून आलेली आहेत. रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा मुलगा, फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा, लोपीस म्हणजे लोपोचा. काही आडनावे झाडांवरून वा ठिकाणांवरून पडली. परेरा म्हणजे नासपतीचे झाड, सिल्वा म्हणजे रान, कोस्टा म्हणजे किनारा. सोजा ही तर पोर्तुगालमधली नदी. आणि घोन्सालवीस म्हणजे गोन्सालोचा मुलगा! संत गोन्सालोंना मूलबाळ नव्हते, पण त्यांच्या नावाचे आडनाव वसईत घराघरांत आहे. किल्ल्यातला डॉमिनिकन मठही संत गोन्सालो यांच्या नावाचा होता, मात्र ते पोर्तुगालमधील आमारांते गावचे तेराव्या शतकातले संत. या दोघांची गल्लत करू नये.

आपल्या पूर्वजांना ही आडनावे बहुतेक करून रक्ताने मिळालेली नाहीत. स्नानसंस्काराच्या वेळी धर्मपित्याचे किंवा संस्कार देणाऱ्या धर्मगुरूंचे आडनाव नवख्रिस्ती कुटुंबाला मिळत असे. त्यामुळे एकाच गावातल्या सख्ख्या भाऊबंदांची आडनावे वेगळी पडू शकत आणि एकच आडनाव असलेल्या दोन घरांत काहीच नाते नसे. आडनाव पोर्तुगीज आहे म्हणून पूर्वज पोर्तुगीज, असे समीकरण मांडता येत नाही. आपल्या सामवेदी बांधवांना कुपारी म्हणतात. तो शब्दसुद्धा कोम्पाद्रे, म्हणजे मुलाचा धर्मपिता, या पोर्तुगीज शब्दावरून आल्याचे सांगतात. म्हणजे आपली कित्येक नावे रक्ताच्या नात्यापेक्षा स्नानसंस्काराच्या नात्याची आठवण देतात.

जपानमध्ये वेगळे घडले. पॉल मिकी, थॉमस कोझाकी यांनी ख्रिस्ती नाव घेतले आणि घराण्याचे नावही ठेवले. आपल्याकडे घराण्याचे जुने नाव बहुधा मागे पडले. ते आळीच्या नावात, घराला पडलेल्या टोपणनावात, म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात उरले असेल तेवढेच. म्हणून पूर्वजांचा शोध आडनावापाशी थांबवून भागत नाही.

कॅनडात फ्रेंचांची वसाहत होती. तिथे स्नानसंस्काराच्या वेळी बहुतेक मुलग्यांना जोझेफ आणि मुलींना मारी हे नाव आधी देत आणि मग हाक मारण्याचे नाव देत. घराण्याला दुसरे टोपणआडनावही असे. इतका गोंधळ असूनही तिथले लोक आज तीनशे-साडेतीनशे वर्षे मागचे पूर्वज शोधून काढतात. त्याचे कारण धर्मग्रामाच्या वह्या. त्या वह्यांत लग्न झालेल्या बाईचे माहेरचे नाव लिहिलेले असते. त्यामुळे आईचे घराणे, आजीचे घराणे असे मागे मागे जाता येते.

आपल्या हाती काय आहे?

स्नानसंस्काराची नोंदवही आपल्या धर्मग्रामातही आहे. मुलाचे नाव, जन्माची व संस्काराची तारीख, आईवडील, धर्ममाता आणि धर्मपिता यांची नावे तिच्यात असतात. पुढे दृढीकरण आणि विवाह झाला की त्याची नोंदही त्याच ओळीसमोर करतात. ज्यांना आपली वंशावळ लिहायची आहे, त्यांनी स्वतःपासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जावे. आडनावाबरोबर धर्ममातापित्यांची नावे टिपून घ्यावीत, कारण ते बहुधा नात्यातले वा शेजारचेच असतात. अनेक घरांत थोरल्या नातवाला आजोबांचे नाव देतात, त्यानेही धागा सापडतो. नोंदी पाहण्यासाठी धर्मग्राम कार्यालयात आधी विचारावे आणि जुन्या वह्या जपून हाताळाव्यात.

पण वहीच्या आधी घरातल्या आजीजवळ बसा. तिचे माहेर कुठले, तिच्या आईचे नाव काय, घराला कोणत्या नावाने ओळखत, हे लिहून घ्या. आजी गेल्यावर ते विचारायला कोणी उरत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिणे महाराष्ट्र सरकारने बंधनकारक केले आहे. संत मत्तयने मात्र हे फार पूर्वीच केले. प्रभू येशूची वंशावळ लिहिताना पुरुषांच्या त्या लांब यादीत त्याने तामार, राहाब, रूथ, उरीयाची पत्नी आणि शेवटी मरिया यांना जागा दिली. त्यांतली रूथ तर मवाबी, परक्या देशातली. ज्यांच्याकडे लोक बोट दाखवत, त्यांनाही देवाने आपल्या तारणाच्या घराण्यात घेतले.

म्हणून संत गोन्सालो आपले की पोर्तुगीजांचे, असे कोणी विचारले तर सरळ सांगावे की ते वसईच्या एका मातेचे पुत्र आहेत. जिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, तिच्या मांडीवर ते वाढले. पिता ज्या देशातून आला, त्या देशाचे आडनाव त्यांनी सांभाळले, पण त्यांना संतपद त्या आडनावाने मिळाले नाही. लहानपणी मिळालेल्या स्नानसंस्काराशी ते शेवटपर्यंत प्रामाणिक राहिले, म्हणून मिळाले. तोच संस्कार आपल्यालाही मिळाला आहे.

या सणाच्या दिवशी मिस्सात त्यांच्या मातेसाठी आणि आपल्या घराण्यातल्या ज्या मातांची नावे आपण विसरलो, त्यांच्यासाठी प्रार्थना करू या. घरी गेल्यावर निदान चार पिढ्यांतल्या आयांची नावे एका कागदावर लिहून बायबलमध्ये ठेवू या.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती कर.